अकरांपैकी एक

चि. मिहिर,

तुझी वही दोनदा वाचली. अकरा कल्पना, आणि जवळपास प्रत्येकीखाली ‘पेटंट घ्यायचं’ असा शेरा. मी आज एकच घेते, रेल्वेतल्या चार्जिंगची. सॉकेट ढिलं, चार्जर निसटतो, मोबाइल वायरीला लोंबकळतो; त्यावर तू चुंबकाच्या पकडीचा मोठा चार्जर काढला आहेस. आकृती सुबक आहे. पण हा त्रास तू नीट बसून पाहिलास का?

पुढच्या खेपेला स्लीपरने जाशील तेव्हा सॉकेटजवळ तासभर बस. तिथे ११० व्होल्ट असतात, घरी २३०. साध्या चार्जरवर १०० ते २४० असं छापलेलं असतं म्हणून तो दोन्हीकडे चालतो. तू घरी जुळवलेलं यंत्र चालेलच असं धरून चालू नकोस. बऱ्याच गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ सॉकेट मुद्दाम बंद ठेवतात, तेव्हा कितीही घट्ट पकड असून उपयोग नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे सॉकेटच्या आतल्या पट्ट्या वापरून वापरून सैल झालेल्या असतात. त्यांना तुझा जड चार्जर आणखी खाली ओढणार! तेवढ्यात एखादी बाई मोबाइल रुमालात बांधून हुकला अडकवताना दिसेल. तिच्याकडे लक्ष दे. मोबाइलचं वजन हुकने घेतलं, चार्जरवर ओढ राहिली नाही. तिने अर्धं काम करून ठेवलंय, उरलेलं तुझं.

चाकांच्या बॅगेची हकिकत मी वर्गात दरवर्षी सांगायची. बर्नार्ड सॅडो हा अमेरिकेतल्या बॅगांच्या धंद्यातला माणूस. १९७० साली सुट्टीहून परतताना दोन जड बॅगा घेऊन विमानतळावर ताटकळत असताना त्याला दिसलं, की एक कामगार अवजड यंत्र चाकांच्या पाटावरून सहज नेतोय. घरी येऊन त्याने बॅगेला चार चाकं आणि ओढायला पट्टा लावला. दुकानदार आधी घेईनात. १९७२ मध्ये पेटंट मिळालं. तरी आडवी ओढायची ती बॅग डुलायची, कलंडायची. पुढे १९८७ च्या सुमारास रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने बॅग उभी केली, दोनच चाकं ठेवली आणि वर लांब होणारा दांडा बसवला. आपण आज ओढतो ती त्याच घडणीची. मला यात प्लाथ मोठा वाटतो. बॅग घेऊन विमानतळ तुडवणं हा त्याचा रोजचा धंदा होता, म्हणून ती कुठे अडते हे त्याच्या मनगटाला माहीत होतं.

आता पेटंट. छत्रीच्या दांड्यात टॉर्च ही तुझी सातवी कल्पना. माहीत असलेल्या दोन वस्तू नुसत्या एकत्र बसवल्या आणि दोन्ही आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिल्या, तर आपला कायदा त्याला शोध मानत नाही. ती खोडून टाक. बस थांब्याच्या आधी आसन थरथरवून जागं करण्याची कल्पना मात्र मला खरंच आवडली. ती कुणाला दाखवण्याआधी, इंटरनेटवर टाकण्याआधी, पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर असं आधी कुणी केलंय का ते शोध. शोध फुकट घेता येतो. नवी निघाली तर तात्पुरता अर्ज भर. पूर्ण अर्जाला तिथून १२ महिने मिळतात. आधी जगजाहीर केलंस तर नवेपणा गेला, मग अर्जाला अर्थ उरत नाही.

त्या बाईच्या रुमालाच्या जागी मोबाइलची पिशवी कर; तिला मात्र पेटंटची वाट बघू नकोस. जुन्या जीन्सचा खिसा काप, वरून नाडी घाल, वायरीला खालून भोक ठेव. तीन शिव. एक तुझ्या आईला दे, एक शेजारच्या आजोबांना, आणि ते कशी वापरतात ते न बोलता बघ. त्यांनी उलटी अडकवली तर चूक पिशवीची समज.

तिसरी दिवाळीला येताना माझ्यासाठी आण. परतताना रात्रीच्या नागपूर गाडीत मी ती वापरीन आणि सकाळी उतरल्याबरोबर तुला फोन करीन.

तुझी,
आत्या