बॉनेटचे निकामी गॅस शॉकअप : ओळख, निवड आणि बदलण्याची पद्धत

जुनी मोटार, जीप किंवा ट्रॅक्टर विकत घेताना शेतकरी बंधू इंजिन, टायर, क्लच आणि बॅटरी बारकाईने पाहतात. बॉनेट उघडल्यावर ते वर उभे कशाच्या आधाराने राहते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. पुढे हाच आधार कमजोर होतो, रेडिएटरमध्ये पाणी घालताना किंवा ऑईलची पातळी पाहताना बॉनेट एकाएकी खाली येते आणि डोक्याला, मानेला अथवा बोटांना इजा होते. पंखा फिरत असताना असे घडल्यास दचकून हात पंख्यात जाण्याचाही धोका असतो. काठीचा टेकू लावून वर्षानुवर्षे काम भागविण्यापेक्षा निकामी झालेला आधार वेळीच बदलणे हिताचे आहे. हे काम अवघड नाही. साधी हत्यारे आणि एक मदतनीस असल्यास ते अर्ध्या-पाऊण तासात घरी करता येते.

गॅस शॉकअप म्हणजे काय?

काही गाड्यांच्या बॉनेटला लोखंडी सळईचा टेकू असतो, तर काहींना नळीतून आत-बाहेर सरकणारा दांडा असतो. या दांड्याला गॅस स्ट्रट म्हणतात. गॅरेजमध्ये याचेच नाव ‘शॉकअप’ असे रूढ आहे. चाकाजवळच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरशी याचा संबंध नाही. एका अखंड बॉनेटच्या अनेक ट्रॅक्टरांना आणि मागचे दार वर उघडणाऱ्या गाड्यांनाही असेच शॉकअप असतात.

शॉकअपच्या नळीत नायट्रोजन वायू मोठ्या दाबाने भरलेला असतो व सोबत थोडे तेल असते. नळीतील दट्ट्याला बारीक छिद्र असल्याने वायू दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो. मात्र ज्या बाजूला दांडी जोडलेली असते, त्या बाजूला वायूचा दाब पडण्यास दांडीच्या जाडीइतकी जागा कमी मिळते. त्यामुळे दांडी सतत बाहेर ढकलली जाते. ८ मि.मी. जाडीच्या दांडीचा जोर ४०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४० किलो असेल, तर आतील दाब सुमारे ८० बार भरतो. मोटारीच्या टायरमधील हवा साधारण २ बार असते, हे लक्षात घेतल्यास शॉकअप जपून का हाताळावा हे समजून येईल.

निकामी होण्याची कारणे

नळीच्या तोंडाशी असलेले रबरी सील वायू व तेल रोखून धरते. वयानुसार सील कडक होते. दांडीवर धूळ व चिखल साचल्यास किंवा ओरखडे पडल्यास ते लवकर झिजते. वायू हळूहळू निसटतो व जोर कमी होतो. तापमानाचाही यात वाटा असतो. उन्हाळ्यात ४० अंश सेल्सिअसला असलेला दाब हिवाळ्यात १० अंशाला सुमारे एक दशांशाने घटतो. म्हणून कमजोर शॉकअप दुपारी बॉनेट धरून ठेवतो आणि थंडीच्या सकाळी सोडून देतो. थंडीत प्रथमच असे घडले, तर तो बदलण्याची वेळ आली असे समजावे.

निकामी झाल्याची लक्षणे

१) बॉनेट पूर्ण वर राहत नाही किंवा हळूहळू खाली येते.
२) पूर्वीपेक्षा उचलण्यास जास्त जोर लागतो.
३) दांडीच्या तोंडाशी तेलाचा ओशट थर दिसतो.
४) दांडी गंजलेली, वाकलेली किंवा ओरखडलेली दिसते.
५) दोन शॉकअप असल्यास बॉनेट एका बाजूला तिरके होते.

बिजागऱ्या गंजून घट्ट झाल्या असल्यासही बॉनेट जड वाटते. म्हणून प्रथम बिजागऱ्यांना ऑईल घालून पाहावे.

नवा शॉकअप निवडताना

शक्यतो गाडीच्या मॉडेलनुसार पार्ट क्रमांक सांगून शॉकअप घ्यावा. तसा मिळत नसल्यास जुना सोबत न्यावा व पुढील मापे जुळवावीत.

१) पूर्ण उघडलेली लांबी : एका टोकाच्या गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या गोळीच्या मध्यापर्यंत.
२) दांडीची चाल : नळीबाहेर येणारी दांडीची लांबी. उघडलेल्या लांबीतून चाल वजा केल्यास बंद लांबी मिळते. उदाहरणार्थ, ४५ से.मी. लांबी व १८ से.मी. चाल असल्यास बंद लांबी २७ से.मी. येते. बॉनेट बंद असताना दोन्ही गोळ्यांतील अंतर यापेक्षा किमान अर्धा ते एक से.मी. जास्त असावे. अन्यथा बॉनेट लावताना पत्रा वाकतो.
३) टोकांचा प्रकार : गोळी बसणारी वाटी आहे की बोल्टचे भोक आहे, तसेच गोळीचा व्यास.
४) जोर : नळीवर न्यूटनमध्ये छापलेला असतो. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने १ किलो.

छापील आकडा पुसला असल्यास

जोर काढण्याची सोपी रीत पुढीलप्रमाणे आहे. जुने शॉकअप काढून बॉनेट मदतनिसाच्या साहाय्याने पूर्ण उंचीवर धरावे. पुढील कडेला स्प्रिंगचा काटा अडकवून तो सरळ वर धरावा व सर्व भार काट्यावर घेऊन वजन पाहावे. बिजागरीपासून काट्यापर्यंतचे आडवे अंतर मोजावे. नंतर शॉकअपच्या वरच्या व खालच्या गोळीदरम्यान सुतळी ताणून बिजागरीपासून सुतळीपर्यंतचे काटकोनातील अंतर मोजावे.

समजा काट्यावर ८ किलो वजन आले व आडवे अंतर ८० से.मी. आहे. यांचा गुणाकार ६४० होतो. सुतळीपर्यंतचे अंतर १६ से.मी. असल्यास ६४० ला १६ ने भागून ४० किलो येतात. दोन शॉकअप असल्यास प्रत्येकी २० किलो, म्हणजे सुमारे २०० न्यूटन. यात १५ टक्के वाढ धरून २३० न्यूटनच्या जवळपासचा शॉकअप घ्यावा. ही वाढ थंडी व पुढील झीज यांसाठी पुरेशी होते.

जास्त जोराचा शॉकअप अधिक टिकेल, हा समज चुकीचा आहे. त्यामुळे बॉनेट बंद करण्यास जड जाते, बिजागरीवर ताण येतो आणि पत्र्याला मुरड पडते. शॉकअप दोन असल्यास जोडीनेच बदलावेत. एक नवा व एक जुना ठेवल्यास बॉनेट पिळते.

लागणारे साहित्य

बारीक चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, गोळीच्या बोल्टच्या मापाचा पाना, कोरडे फडके, थोडे ग्रीस आणि बॉनेटच्या उंचीचा मजबूत लाकडी टेकू. टेकूच्या दोन्ही टोकांना जुन्या ट्यूबचे रबर बांधावे म्हणजे तो सरकत नाही.

बदलण्याची पद्धत

१) गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा. इंजिन बंद करून चावी काढावी व इंजिन थंड होऊ द्यावे. विजेवर चालणारा पंखा असल्यास बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. जोराच्या वाऱ्यात हे काम करू नये.
२) बॉनेट पूर्ण उघडून टेकू लावावा. मदतनिसाने बॉनेट हाताने धरून ठेवावे. जुन्या शॉकअपवर अजिबात विसंबू नये.
३) जुन्या शॉकअपची नळी कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवावे. सर्वसाधारणपणे बॉनेट बंद असताना दांडीचे टोक खालच्या बाजूस राहते. यामुळे आतील तेल सीलपाशी राहून ते ओले राहते.
४) वरच्या वाटीवरील तारेच्या क्लिपखाली स्क्रू ड्रायव्हर घालून ती किंचित उचलावी व वाटी गोळीवरून सरळ ओढून काढावी. क्लिप उडू नये म्हणून त्यावर फडके धरावे. नंतर खालचे टोक काढावे.
५) गोळी झिजली किंवा गंजली असल्यास नवी बसवावी. चांगली असल्यास पुसून ग्रीसचे बोट लावावे.
६) नवा शॉकअप प्रथम खालच्या गोळीवर दाबावा. ‘टक्’ असा आवाज आला की वाटी बसली असे समजावे. वरची गोळी पोहोचत नसल्यास मदतनिसाने बॉनेट थोडे वर-खाली करावे. शॉकअप हाताने दाबून लहान करण्याच्या खटाटोपात पडू नये.
७) एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी बाजू घ्यावी. शेवटी दोन्ही वाट्या ओढून पाहाव्यात.
८) हात बॉनेटखाली ठेवून टेकू सावकाश काढावा. पहिल्यांदा बंद करताना बॉनेट आपटू नये. ते हळूहळू खाली आणावे व कोठे अडकत नाही याची खात्री करावी. चार-पाच वेळा उघडझाप करून मगच काम संपवावे.

काय करू नये?

दांडी पक्कडीने धरू नये किंवा तिला रंग लावू नये. ओरखडा किंवा रंगाचा पापुद्रा सील कापतो. शॉकअप कापणे, भोक पाडणे, वेल्डिंग करणे किंवा तापविणे अत्यंत धोक्याचे आहे. बाद झालेल्या शॉकअपमध्येही दाब शिल्लक असू शकतो. तो कचऱ्याबरोबर पेटविला जाणार नाही, मुलांच्या हाती लागणार नाही, याची काळजी घ्यावी. भंगारात देताना आत वायू असल्याचे सांगावे. जुन्यात पुन्हा वायू भरून घेणेही उपयोगाचे नाही, कारण झिजलेले सील तसेच राहते.

निगा

महिन्यातून एकदा दांडी कोरड्या मऊ फडक्याने पुसावी व बिजागऱ्यांना ऑईल द्यावे. मळणी व चिखलणीच्या हंगामात भुसा व चिखल दांडीवर साचतो, त्या काळात ही निगा आठवड्याने घ्यावी. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा सीलवर मारू नये.

नवा शॉकअप लगेच मिळत नसल्यास रबर लावलेला टेकू गाडीतच ठेवावा आणि गाडी चालविणाऱ्या घरातील प्रत्येकास बॉनेट कमजोर असल्याचे सांगून ठेवावे. ज्याला हे माहीत नसते, अपघात बहुधा त्याचाच होतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी ऑईल व फिल्टर बदलाल, त्याच वेळी बॉनेट उघडून पाच मिनिटे तसेच ठेवावे. ते इंचभरही खाली आले, तर शॉकअप बदलण्याचे काम पुढे ढकलू नये.