चप्पल निसटली, कळलंच नाही

सांगलीच्या गणपती मंदिरातून दर्शन घेऊन मी रिक्षाकडे निघाले होते. मागून एका पोरीनं हाक मारली, "ओ काकू, चप्पल राहिली की!" खाली पाहिलं तर डावा पाय अनवाणी. दहा-बारा पावलं मी तशीच चालत आले होते. पायातून चप्पल गेली आणि पायालाच पत्ता नाही!

मी एका पतसंस्थेत तीस वर्षं कॅशियर होते. बंडलात दोन नोटा चिकटलेल्या असल्या, तर डोळ्यांच्या आधी माझ्या अंगठ्याला कळायचं. त्याच हातांना आता ब्लाउजचे हूक सापडेनात. पर्समध्ये हात घातला की लागलेली वस्तू नाणं आहे की किल्ली, हे बाहेर काढून पाहावं लागे. तळपायांना मुंग्या होत्याच. चालताना वाटायचं, घरभर कुणीतरी कापूस अंथरलाय.

वय एकसष्ट. साखरेचा संशय आला, तपासली, ठीक निघाली. मेडिकलमध्ये सांगितलं, "मुंग्या येतात." काउंटरवरच्या मुलानं नसांच्या ताकदीची गोळी दिली. चार-सहा महिन्यांत फरक पडला नाही, म्हणून एकाच्या दोन केल्या. दोन्ही वेळेला मनात एकच होतं: व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे जाईल.

शेवटी सुनेनं मिरजेला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले. "चप्पल निसटते तेव्हा कळतं का?" मी गप्पच झाले. "आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो?" जात होता. मी त्यासाठी न्हाणीघराच्या भिंतीला हात टेकायला लागले होते आणि घरात कुणाला बोलले नव्हते. मग त्यांनी डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर-खाली केला आणि कुठल्या बाजूला नेला ते विचारलं. मला सांगता येईना. ताकद मात्र शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, पाय चालवणाऱ्या नसा ठीक आहेत, पायाची बातमी वर पोचवणाऱ्या बिघडल्यात. नसांच्या तपासणीतही तेच आलं. बी-१२ कमी नव्हतं.

"औषधं कुठली चालू आहेत?"

"कुठलीच नाहीत," मी म्हणाले. खोटं बोलत नव्हते. मला ती औषधं वाटतच नव्हती.

सूनच म्हणाली, "आई, त्या बाटल्या?" डॉक्टरांनी पुढच्या वेळी घरातली प्रत्येक बाटली, प्रत्येक स्ट्रिप पिशवीत घालून आणायला सांगितली. ती पिशवी टेबलावर उपडी केली तेव्हा माझी मलाच लाज वाटली. धाकट्या मुलानं अमेरिकेहून आणलेली बी-कॉम्प्लेक्सची मोठी बाटली. कंबरदुखीसाठी कधीतरी महिनाभर लिहून दिलेली गोळी. जुनी चिठ्ठी दाखवून ती मी वर्षभर आणत होते. कोरोनात सुरू केलेली मल्टिव्हिटॅमिन. भजनी मंडळातल्या मैत्रिणीनं केसांसाठी सांगितलेलं बायोटिन. आणि मेडिकलमधली नसांची गोळी. प्रत्येक गोळीमागे कुणाची तरी माया होती आणि एकाही गोळीला शेवटची तारीख नव्हती.

"तुम्ही कॅशियर ना? मग बेरीज तुम्हीच करा." डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि लेबलं वाचायला लागले. त्यांना बी-६ हवं होतं. स्ट्रिपवर ते बहुधा 'पायरिडॉक्झिन' या नावानं असतं, म्हणून आपल्या नजरेला येत नाही. अमेरिकेच्या कॅप्सूलमध्ये १०० मिलीग्रॅम. नसांच्या गोळीत १००, आणि ती दोनदा. कंबरेच्या गोळीत ३, मल्टिव्हिटॅमिनमध्ये ३. एकूण ३०६. शरीराची दिवसाची गरज सुमारे दोन मिलीग्रॅम, आणि ती रोजच्या जेवणातून बहुतेक भागते. एका केळ्यातच जवळपास ०.४ मिलीग्रॅम असतं. मी गरजेच्या दीडशे पट गिळत होते. आयुष्यभर लोकांच्या पैशाची बेरीज तपासली, स्वतःच्या डब्याची एकदाही केली नाही.

डॉक्टरांनी समजावलेलं माझ्या शब्दांत सांगते. स्पर्शाची बातमी नेणाऱ्या पेशी मणक्याच्या बाजूला गाठींमध्ये बसलेल्या असतात. मेंदूला आणि इतर नसांना रक्तातल्या विषारी गोष्टींपासून जसं कुंपण असतं, तसं पक्कं कुंपण या गाठींना नसतं. त्यामुळे जादा पायरिडॉक्झिनचा मारा त्यांच्यावर होतो. सगळ्यांत लांब धागे पायांचे, म्हणून सुरुवात तळव्यांपासून, मग बोटांवर. चकवा असा, की बी-६ कमी पडलं तरी नसा बिघडतात आणि जास्त झालं तरी बिघडतात. लक्षणं सारखीच. मी मुंग्यांसाठी जी गोळी वाढवली, तीच मुंग्या वाढवत होती.

पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं बाधत नाहीत, हा समज डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता. १९८३ मध्ये अमेरिकेत सात जणांची माहिती प्रसिद्ध झाली. ते रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेत होते आणि त्यांना धड चालता येईना. पुढे याहून पुष्कळ कमी मात्रेवरही त्रास झालेले रुग्ण दिसले. अमेरिकेनं प्रौढांसाठी दिवसाला १०० मिलीग्रॅमची कमाल मर्यादा ठरवली होती. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये स्वतःची मर्यादा १२ वर आणली.

गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "बंद केल्यावर काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटेल. घाबरून परत सुरू करू नका." अगदी तसंच झालं. तीन आठवडे मुंग्या गुडघ्यापर्यंत चढल्या. आधी सांगितलं नसतं, तर मी नक्की पुन्हा गोळी घेतली असती. मग हळूहळू उतार पडला. सहा महिन्यांनी भिंत न धरता तोंड धुता आलं. दीड वर्ष झालं, बोटांची टोकं अजून थोडी बधिर आहेत.

यातून शिकले ते सांगते.

डॉक्टरांनी विचारलं की जीवनसत्त्वं, कॅल्शियम, प्रोटीन पावडर, केसांच्या गोळ्या, काढे, चूर्णं, सगळं सांगा. आठवणीवर विसंबू नका, पिशवीच न्या. ब्रँड वेगळे असले तरी आत तोच माल असू शकतो. मॅग्नेशियमच्या काही गोळ्यांत आणि एनर्जी ड्रिंकमध्येही बी-६ असतं. लेबलच्या मागच्या बाजूचे आकडे वाचा आणि बेरीज करा. चिठ्ठीवर दिवस लिहिलेले असतील तर तेवढेच दिवस.

बी-६ पुरतीच ही गोष्ट नाही. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, तीही ठराविक आठवडे, अशी देतात. आमच्या शेजारच्या वहिनींनी ती रोज घेतली. उलट्या, बद्धकोष्ठता, सारखी तहान. दवाखान्यात कळलं की रक्तातलं कॅल्शियम चढलंय आणि मूत्रपिंडावर ताण आलाय. ड चरबीत साठतं, म्हणून पुडी थांबवली तरी परिणाम लगेच ओसरत नाही. अ जीवनसत्त्वाचा अतिरेक यकृताला जड जातो आणि गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतो. क रोज ग्रॅमवारी घेतलं तर जुलाब होतात, काहींना मुतखडा. केसांसाठीच्या बायोटिननं थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी ते किती दिवस थांबवायचं हे विचारून घ्या.

आणि एक उलट बाजूही सांगायला हवी. हे वाचून घरातला डबा कचऱ्यात ओतू नका. टीबीच्या औषधांबरोबर बी-६ दिलेलं असतं ते नसा वाचवायलाच. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ खरोखर कमी पडू शकतं, तसं असेल तिथे गोळी लागतेच. डॉक्टरांनी कारण सांगून दिलेली गोळी विचारल्याशिवाय सोडू नका. कारणच आठवत नसलेली गोळी मात्र विचारल्याशिवाय चालूही ठेवू नका. हातापायांना मुंग्या आल्या, चप्पल निसटलेली कळेना, अंधारात तोल जाऊ लागला, तर मेडिकलच्या काउंटरवर थांबू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी औषधाचा डबा उघडून वहीत मांडते: गोळी कुठली, कुणी दिली, कशासाठी, कधीपर्यंत. मागच्या पट्ट्याची चप्पल घेतलीय. परवा भाजीवाल्याला सुटे द्यायला पर्समध्ये न बघता हात घातला. बोटं म्हणाली, दोन रुपयांचं नाणं. काढून पाहिलं तर पाचाचं निघालं. नाणं आहे एवढं तरी कळलं. पुढचा हिशेब अजून बाकी आहे.