शेकाच्या पिशवीतील विज्ञान

पाय मुरगळला किंवा पाठ धरली की घरात शेकाची तयारी होते. तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी ही त्यातली जुनी रीत. आता अनेक घरांत सूक्ष्मलहरींची भट्टी, म्हणजेच मायक्रोवेव्ह, आली आहे. तीत तापवता येईल अशी तांदळाची पिशवी तुम्ही घरीच शिवू शकाल. मात्र तिची प्रत्येक टीप विज्ञानाला धरून असली पाहिजे. नाहीतर शेकाऐवजी चटका मिळेल, किंवा पिशवीच पेट घेईल!

कोरडा दिसणारा तांदूळ या भट्टीत तापतो कसा? त्यात साधारणपणे १२ ते १४ टक्के पाणी असते. पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन, तर दुसरे किंचित ऋण असते. भट्टीतील विद्युतक्षेत्राची दिशा सेकंदाला सुमारे २४५ कोटी आवर्तने या वेगाने पालटते. तिच्याबरोबर वळण्याची या रेणूंची धडपड चालते, ते शेजाऱ्यांवर आदळतात आणि दाणा तापतो.

आता शिवणकामाकडे वळू. ४४ सेंमी लांब व ३४ सेंमी रुंद असा मांजरपाटाचा तुकडा घ्या. तो लांबीत दुमडून लांब कड व एक आखूड कड शिवा आणि पिशवी उलटवा. उघड्या तोंडातून १५० ग्रॅम कोरडे, कच्चे तांदूळ घाला, ते तळाशी सारून आडवी शिवण मारा. असे चार कप्पे करा. धावदोरा चालणार नाही, कारण त्यातून दाणे निसटतील. बारीक टीप घाला. कप्प्यांमुळे तांदूळ एका टोकाला गोळा होत नाहीत. ही पिशवी धुता येत नाही, म्हणून वरून उशीसारखा सुती अभ्रा शिवा. तो धुता येईल.

कापड आणि दोरा दोन्ही निव्वळ सुती हवेत. पॉलिएस्टर उष्णतेने वितळते. चेन, हूक, धातूची बटणे किंवा जर मुळीच नको. धातूपाशी ठिणग्या उडतात.

पिशवी किती वेळ तापवावी? थोडे गणित करू. तांदळाचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.४ धरा. ६०० ग्रॅम तांदूळ ३०° से. पासून ६०° से. पर्यंत तापवण्यास ६०० × ०.४ × ३० = ७२०० कॅलरी, म्हणजे सुमारे ३०,००० ज्यूल लागतात. ७०० वॅटच्या भट्टीला त्यासाठी निदान ४३ सेकंद हवेत. सगळीच ऊर्जा तांदूळ शोषत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात वेळ अधिक लागेल. तरीही एकदम दोन-तीन मिनिटे लावू नका. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंमी असते आणि भट्टीत काही जागा जास्त तापतात, काही कमी. म्हणून अर्धा मिनिट तापवा, बाहेर काढून हलवा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, मगच पुन्हा ठेवा. शेजारी अर्धा कप पाणी ठेवा. ते काही ऊर्जा शोषून घेते. पिशवी पूर्ण निवल्याशिवाय पुन्हा तापवू नका. दर वेळी दाण्यातील थोडे पाणी वाफ होऊन जाते. करपल्याचा वास आला, तर तांदूळ टाकून द्या.

तेवढ्याच वजनाचे पाणी अडीचपट उष्णता साठवते. मग रबरी पिशवी सोडून ही का घ्यावी? ही गुडघ्याला, मानेला हवी तशी बसते आणि गळत नाही. शिवाय दाण्यांमधील अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने आतली ऊब सावकाश बाहेर येते.

एक गोष्ट विसरू नका. ४४° से. तापमानही सुमारे सहा तास कातडीला चिकटून राहिले, तर भाजते. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे अशा आजीआजोबांना चटका कळतच नाही. त्यांना, तान्ह्या बाळाला किंवा झोपलेल्या माणसाला ही पिशवी लावू नये.

आता हा प्रयोग करा. तापवण्यापूर्वी व तापवल्यानंतर पिशवीचे वजन करा. किती ग्रॅम पाणी गेले? बाहेर काढलेल्या पिशवीच्या घडीत तापमापक ठेवून दर पाच मिनिटांनी नोंद घ्या आणि आलेख काढा. तेवढ्याच वजनाच्या गरम पाण्याच्या पिशवीचाही आलेख काढा. कोणता लवकर उतरतो, आणि का? उत्तर वर्गात चर्चा करून शोधा.