आधी पाणी मोजू, मग भाजी निवडू



भाजीपाल्यासाठी गटातून कर्ज घ्यायचं ठरलं की आपण बियाणं, खत, मजुरी धरतो. पाणी मात्र धरत नाही. मग फुलं लागायच्या वेळीच विहीर तळ गाठते. वाफा वाळतो, हप्ता मात्र चुकत नाही. म्हणून हिशोब दिवाळीच्या विहिरीवर नको, भाजी तोडणीला येईल त्या महिन्यातल्या विहिरीवर करा.

१. पाणी अजिबात नाही, पण काळी भारी जमीन आहे
पाऊस सरताना जमिनीत ओल असतानाच हरभरा आणि करडई पेरा. करडईची विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपं भाजी म्हणून विकता येतात. हरभऱ्याचे शेंडे फुलं येण्याआधी खुडा. भाजी मिळते, शिवाय झाडाला फांद्या जास्त फुटतात. कोळपणी चुकवू नका. तिने भेगा बुजतात आणि ओल टिकते.

२. रोज दोन-चार घागरी पाणी आहे
जानेवारी-फेब्रुवारीत मडक्यावर दोडका, कारलं, दुधी लावा.
- रंग न दिलेलं, दहा लिटरचं मातीचं मडकं घ्या. पाणी भरून ठेवल्यावर बाहेरून ओलसर झालं तरच ते कामाचं.
- खड्ड्यात शेणखत मिसळून मडकं गळ्यापर्यंत पुरा. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात.
- भोवती दोन-तीन वेल लावा. मुळं मडक्यापर्यंत जाईस्तोवर वरूनही थोडं पाणी द्या.
- अर्धं रिकामं झालं की भरा. साबणाचं पाणी नको, मडक्याची छिद्रं बुजतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी वेलाच्या आळ्यात घाला.
- जमिनीवर पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट दोन-तीन इंच पसरा, पण खोडाला चिकटवू नका. वाळवी दिसली तर काढून टाका.

दहा मडकी एकदा पूर्ण भरायला १०० लिटर लागतात, म्हणजे १५ लिटरच्या साधारण सात घागरी. ऊन वाढलं की मडकी लवकर रिकामी होतात, तेही धरा. प्यायच्या पाण्याला हात लावावा लागत असेल तर मडकी कमी करा.

३. काय टाळायचं
कोबी, फ्लॉवर, काकडी. बाजारात भाव दिसतो, पण पाण्याचा एक खंडही यांना सोसत नाही.

पुढच्या बैठकीसाठी
वहीत तीन गोष्टी लिहून आणा: मार्च-एप्रिलमध्ये घरात रोज किती घागरी येतात, घरखर्च वजा जाता किती उरतात आणि त्यात किती मडकी भरतील. कर्जाचा आकडा त्यानंतर ठरवू.