जीर्ण आजार, वार्धक्य आणि थकवा : जैविक व आनुवंशिक कारणे

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. त्या वेळी कामाला लागलेली पिढी कधीच निवृत्त झाली. तिच्या पाठची पिढीही साठी ओलांडत आहे. अशा वस्तीत मधुमेह, मूत्रपिंडविकार वा सांधेदुखी सोबत घेऊन जगणाऱ्या वृद्धांची थकव्याची तक्रार 'वयच झाले' एवढ्यावर निकालात निघते. जीवशास्त्राचे उत्तर मात्र निराळे आहे.

दीर्घ आजारात शरीरात मंद दाह सतत चालू राहतो. प्रतिकारपेशी इंटरल्यूकिन-६ सारखी सायटोकाइन द्रव्ये सोडतात. त्यांचे संकेत मेंदूपर्यंत पोहोचून मरगळ येते. हीच द्रव्ये यकृताला हेपसिडिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करायला लावतात. हेपसिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही आणि साठ्यातले लोहही अडकवून ठेवते. लोह शरीरात असूनही रक्त त्यापासून वंचित राहते! अशा पांडुरोगात लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही, हे विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावे. मूत्रपिंड दुबळे झाल्यास एरिथ्रोपोएटिन कमी पडते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव होऊ शकते. शिवाय वयानुसार स्नायू झिजतात व पेशींतील तंतुकणिकांची ऊर्जानिर्मिती मंदावते.

आनुवंशिक बाजू छत्तीसगडमध्ये विशेष महत्त्वाची आहे. येथे सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ११ व्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकातील एका बदलामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. दोन्ही पालकांकडून हा दोष आल्यास तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात. एकाकडूनच आल्यास व्यक्ती वाहक असते आणि तिला सहसा त्रास होत नाही. म्हणून वाहक वृद्धाच्या थकव्याचे खापर थेट सिकलसेलवर फोडणे योग्य नव्हे. टीएमपीआरएसएस-६ या जनुकाचे काही प्रकारही हेपसिडिनची पातळी बदलतात.

धोरणांत मात्र हा वृद्ध निसटतो. २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमाच्या सहा लाभार्थी गटांत बालके, किशोरवयीन व प्रजननक्षम वयातील, गरोदर आणि स्तनदा स्त्रिया आहेत, ज्येष्ठ नाहीत. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीची वयोमर्यादा ४० वर्षे ठेवली गेली. पुढच्या पिढीतील जन्म हे लक्ष्य असल्याने ती समर्थनीय आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारतखाली ५ लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण मिळाले, पण ते प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्यासाठी. थकलेला वृद्ध दाखल होत नाही. तो बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभा राहतो, आणि हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२ या तपासण्यांचा खर्च बहुधा निवृत्तिवेतनातून करतो. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमाच्या जिल्हा पातळीवरील चिकित्सालयांत या तपासण्या नियमित झाल्यास होणारा खर्च रुग्णालयातील एका भरतीच्या मानाने अल्प ठरेल.