नदीकाठची बाग : एक परिसर-पाठ

शिक्षक मित्रांनो, पालकहो, बारागाव नांदूरच्या मुळा धरणातून सुटलेलं पाणी राहुरीवरून प्रवरेत, पुढे गोदावरीतून पैठणच्या नाथसागरात जातं. तिथलं संत ज्ञानेश्वर उद्यान तुम्ही सहलीत पाहिलं असेल. म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर केलेलं! २००६ च्या पुरात त्याचं नुकसान झालं, आणि देखभालीअभावी पुढे रया गेली.

आपल्या मुळेकाठी बाग करायची तर मुलांना आधी पूररेषा शोधू द्या. आजोबांना विचारा, पाणी कुठवर चढलं होतं? त्या रेषेखाली सिमेंटची बाकडी नकोत. करंज, उंबर, वाळुंज लावा, मुळं माती धरतात. रोपं लावायला सगळे येतात हो, पण दुसऱ्या उन्हाळ्यात? म्हणून मे महिन्याची पाणी घालायची पाळी नावानिशी वहीत आजच लिहून घ्या.