बांबूतले फुटाणे

प्रश्न : प्राणिसंग्रहालयात माकडांना खाऊ ताटात न देता बांबूत कोंबून देतात म्हणे. मुक्या जिवाला हा त्रास कशाला?
– एक वाचक, सानगडी (जि. भंडारा)

उत्तर : त्रास नव्हे, ती त्यांची गरज आहे. रानातल्या माकडाचा बराचसा दिवस अन्न शोधण्यात जातो. पिंजऱ्यात तेच काही मिनिटांत संपतं. मग येरझाऱ्या, स्वतःचे केस उपटणं सुरू होतं. म्हणून बांबूच्या पेराला बोटभर छिद्रं पाडून आत फुटाणे भरतात. लाल तोंडाचं माकड ते पेर हलवतं, उलटं करतं, बोट घालून एकेक दाणा काढतं आणि गालाच्या पिशवीत साठवतं.

तुमच्याकडच्या काळतोंड्या वानराची गोष्ट वेगळी. त्याच्या कप्पेदार पोटात जंतू पानं आंबवतात. केळी-बिस्किटांचा मारा झाला की पोट फुगतं. त्याला उंबराच्या, पिंपळाच्या डहाळ्या उंचावर बांधून द्याव्यात.

हे सगळं रोजच्याच आहारातून, आणि अनेक ठिकाणी विखरून. नाहीतर दांडगा नर सारं बळकावतो.

हे झालं प्राणिसंग्रहालयातलं. गावात कुणी वानराचं पिल्लू पाळत असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. वन विभागाला १९२६ वर लगेच कळवा.